वाण, गुण आणि तीन भाऊ

टिम वॉर्डल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'थ्री आयडेंटिकल स्ट्रेंजर्स' हा माहितीपट २०१८ साली आला. सनडान्स महोत्सवात त्याला कथनासाठी खास ज्युरी पुरस्कार मिळाला, थिएटरात तो चालला, पुढे घरोघरी पोचला. आता 'माणूस जन्माने घडतो की वाढवण्याने' असा विषय निघाला की कुणीतरी या चित्रपटाचं नाव काढतंच. गंमत अशी, की काढणारा आधीपासून ज्या बाजूचा असतो त्याच बाजूचा पुरावा म्हणून ते काढतो. जनुकवाल्यांना त्यात जनुकं दिसतात, संस्कारवाल्यांना संस्कार.

एकच चित्रपट दोन्ही बाजूंना आपला वाटतो, याचं कारण तो खरोखरच दोन चित्रपट आहे. पहिला अर्धा भाग एक उत्तर देतो, दुसरा त्याच्या उलट. माझं म्हणणं थोडक्यात असं: चित्रपट उत्तम रचलेला आहे, त्यातला राग रास्त आहे, पण ज्या प्रश्नाचं उत्तर दिल्याचा तो आव आणतो, ते उत्तर त्याच्याकडे नाही. असूही शकत नाही. आणि नसलेलं उत्तर दिल्यामुळे शेवटी एका म्हाताऱ्या बापावर अन्याय होतो.

(पुढे चित्रपटाची सगळी कथा शेवटासकट सांगितली आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून घ्या.)

तीन घरं

१९८० साल. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात बॉबी शाफ्रन नावाचा १९ वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी पोचतो. अनोळखी मुलं त्याच्या पाठीवर थाप मारतात, मुली मिठ्या मारतात, सगळे त्याला 'एडी' म्हणतात. एडी गॅलंड आदल्या वर्षी तिथे होता. एडीच्या एका मित्राच्या लक्षात येतं, तो विचारतो: तू दत्तक आहेस का? वाढदिवस कधी? १२ जुलै १९६१. दोघे रातोरात गाडी हाणत एडीच्या घरी जातात. दार उघडतं आणि बॉबीसमोर बॉबीच उभा असतो. बातमी छापून येते, फोटो पाहून क्वीन्समधला डेव्हिड केलमन चक्रावतो, कारण त्या फोटोत तो स्वतःच दोनदा आहे. जुळे म्हणता म्हणता तिळे निघतात.

तिघांनाही लुईस वाइझ सर्व्हिसेस या न्यूयॉर्कमधल्या ज्यू दत्तकसंस्थेने सहा महिन्यांचे असताना तीन घरांत दिलं होतं. बॉबीचे दत्तक वडील डॉक्टर, आई वकील. एडीचे वडील शिक्षक, मध्यमवर्गीय. डेव्हिडचे वडील बाहेरून येऊन स्थायिक झालेले, छोटं दुकान चालवणारे, माणूसवेडे. त्यांना सगळे लाडाने 'बुबाला' म्हणत. आपल्या मुलाला भाऊ आहेत, हे तीनपैकी एकाही घराला सांगितलेलं नव्हतं.

पहिला अर्धा तास नुसता जल्लोष आहे. तिघं टीव्हीवर एका सुरात उत्तरं देतात, एकसारखे पाय टाकून बसतात. तिघांचा सिगारेटचा ब्रँड एक, तिघंही कुस्ती खेळलेले, तिघांनाही वयाने मोठ्या मुली आवडतात. मॅडोनाच्या 'डेस्परेटली सीकिंग सुझन'मध्ये ते क्षणभर चमकतात. पुढे सोहो भागात 'ट्रिपलेट्स' नावाचं रेस्तराँ काढतात, तेही धो धो चालतं.

मग चित्रपटाचा रंग बदलतो. ताटातूट हा योगायोग नव्हता. पीटर न्यूबाउअर नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञाच्या अभ्यासात ही मुलं होती, आणि त्यांच्यासारखी आणखीही काही जुळी. संशोधक वर्षानुवर्षं घरी येत, चाचण्या घेत, चित्रण करत. पालकांना सांगितलेलं, की दत्तक मुलांच्या वाढीचा हा साधा अभ्यास आहे. रेस्तराँत भावांचे खटके उडतात, बॉबी बाहेर पडतो. एडीचं मन अधिकाधिक ढासळत जातं. १९९५ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, तो स्वतःचं आयुष्य संपवतो.

साम्यांची जत्रा

पहिल्या भागात प्रेक्षक जे पाहतो, त्याचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागत नाही. तीन वेगवेगळी घरं, तरी सारखीच माणसं. म्हणजे रक्तच खरं. पण साम्यं कशी गोळा झाली, हे पाहायला हवं. मुलाखत घेणारे साम्यंच विचारतात, कारण फरकांचा कार्यक्रम होत नाही. 'तिघांपैकी दोघांना ऑलिव्ह आवडत नाहीत' ही बातमी नव्हे. शिवाय तिघं न्यूयॉर्क परिसरातल्या ज्यू घरांत, एकाच दशकात, एकाच संस्थेच्या निवडीतून वाढलेले. संस्थेने तिन्ही घरं अशी निवडली होती, की तिथे आधीच एक मोठी दत्तक मुलगी होती. मार्लबोरो ही त्या काळी अमेरिकेत अतिशय खपणारी सिगारेट. कुस्ती हा शाळेतला रुळलेला खेळ, आणि सारख्या दणकट बांध्याची मुलं त्याच आखाड्यात जाणार, यात नवल नाही. अनोळखी तीन समवयस्क पोरं त्या गावांतून उचलली असती, तरी यातली काही साम्यं निघालीच असती. किती, ते मोजायचं कुणाला सुचत नाही.

भावांना स्वतःला हे कळलेलं होतं. आम्ही साम्यं शोधून शोधून ती मिरवत होतो, आम्हाला सारखं असायचंच होतं, असं चित्रपटातच एका ठिकाणी येतं. एकोणीस वर्षांनी भाऊ सापडल्यावर कोण नाही करणार तसं? हे वाक्य चित्रपटातलं सर्वांत शहाणं वाक्य आहे. दिग्दर्शक त्यावर थांबत नाही.

हा मोह जुना आहे. १९७९ साली अमेरिकेत दोन 'जिम' भेटले: जन्मतः वेगळे झालेले जुळे, दोघांचंही नाव जिम, दोघांचीही पहिली बायको लिंडा, दुसरी बेटी, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव 'टॉय'. त्यांच्यापासून मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांचा वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला. अभ्यास गंभीर होता, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या लिंडा आणि बेटी. आता बायकोचं नाव ठरवणारं जनुक असू शकत नाही, हे कुणालाही पटेल. पण तो योगायोग बाजूला काढला तर मग बाकीच्या साम्यांत योगायोग किती, हाही प्रश्न विचारावा लागतो. तो विचारला की गोष्टीची मजा जाते.

एका भाकरीचा हिशेब

मराठीत या विषयावरची सगळ्यात नेमकी म्हण बैलांची आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतलं 'वाण' म्हणजे रंग, वर्ण. तोच शब्द आपण बियाण्याच्या जातीलाही वापरतो. दावणीच्या सोबतीने रंग बदलत नाही, खोडी मात्र उचलल्या जातात, असं म्हण सांगते. उलट बाजूला 'खाण तशी माती' आहेच. म्हणजे म्हणींनीही दोन्ही उत्तरं तयार ठेवली आहेत, पाहिजे ती वापरावी.

विज्ञानाने यात भर काय घातली? जुळ्यांच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली आहे, की माणसामाणसांतल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. २०१५ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये पन्नासेक वर्षांतल्या जवळपास सगळ्या जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणधर्म, सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या. सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के. हा आकडा वाचला, की लोक म्हणतात, 'म्हणजे मी निम्मा आईबापांच्या रक्ताचा आणि निम्मा वाढवण्याचा.' तसं नाही.

समजा एक भाकरी छान झाली. तिच्यात पिठाचा वाटा किती टक्के आणि थापणाऱ्या हाताचा किती? प्रश्नच चुकीचा आहे. पीठ नसेल तर भाकरी नाही, हात नसेल तरी नाही. पण शंभर घरांतल्या शंभर भाकऱ्या पुढ्यात ठेवल्या, तर त्यांच्यातले फरक कशामुळे आहेत, हे विचारता येतं. सगळ्यांनी एकाच गिरणीतून एकच पीठ आणलं असेल, तर फरक हाताचे. सगळ्या एकाच बाईने थापल्या असतील, तर फरक पिठाचे. आनुवंशिकतेचा आकडा हा शंभर भाकऱ्यांमधल्या फरकांचा आकडा आहे. एका भाकरीचा तो नव्हेच. आणि गिरणी बदलली, की तोही बदलतो.

रिचर्ड लेवाँटिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० साली हाच मुद्दा बियाण्याच्या उदाहरणाने मांडला होता. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं, तर मिसळीच्या ज्वारीचं एकच पोतं घ्या, एक मूठ काळ्या पाण्याच्या रानात टाका, एक मूठ मुरमाड माळावर. काळ्या रानातल्या ताटांतले उंचीचे फरक पूर्णपणे बियाण्याचे असतील. माळावरच्या ताटांतलेही बियाण्याचेच. पण दोन रानांतला फरक संपूर्ण मातीचा. 'उंची आनुवंशिक आहे' आणि 'उंची मातीवर ठरते' ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी. माणसांचंही तसंच आहे. उंची हा अतिशय आनुवंशिक गुण; तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं शंभर वर्षांत बदलली नाहीत, ताट बदललं.

एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांच्या बुद्ध्यंकांचा अभ्यास केला. सुस्थितीतल्या घरांत बुद्ध्यंकातल्या फरकांची आनुवंशिकता भरपूर निघाली, गरीब घरांत जवळजवळ शून्य. ज्याला पोटभर जेवण, पुस्तकं, निवांतपणा मिळाला त्याचं बियाणं दिसतं. ज्याला मिळालं नाही त्याचा माळच दिसतो. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः अमेरिकेबाहेर, हा फरक सगळीकडे तितकाच आढळला नाही. पण आकडा कुठल्या रानातून घेतला, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, एवढं त्यावरून कळतं.

सोप्या गोष्टींची हौस शास्त्रज्ञांनाही असते. २००३ साली न्यूझीलंडमधल्या डनीडनच्या दीर्घ अभ्यासातून आलेला एक निष्कर्ष खूप गाजला: सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचं ठरावीक रूप आणि आयुष्यातले आघात एकत्र आले, की नैराश्याचा धोका वाढतो. जीवशास्त्र आणि परिसर यांची गाठ इतकी सुबक कुणी दाखवली नव्हती. शेकडो निबंध त्यावर उभे राहिले. २०१९ साली लाखो लोकांची माहिती तपासली, तेव्हा त्या जनुकाचं म्हणून काही वेगळं महत्त्व उरलं नाही. व्यक्तिमत्त्वासारख्या गोष्टीत हजारो जनुकं किंचित किंचित हातभार लावतात, असं आता दिसतं. त्यांची गोष्ट होत नाही. फार तर यादी होते.

आता तीन भावांकडे परत येऊ. ज्या प्रश्नाला हजारो जोड्या लागतात, तो तीन माणसांना विचारून उत्तर कसं मिळणार? न्यूबाउअरच्या अभ्यासाची खोट नैतिक होती, हे चित्रपट ठणकावून सांगतो. त्याची दुसरी खोट साध्या मोजणीची होती. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांमधून ते कोडं सुटणारच नव्हतं. चित्रपट ही खोट बोलून दाखवत नाही, कारण मग तीच त्याच्याही अंगावर येते.

प्रयोग कुणाचा?

मधला भाग शोधपत्रकारितेचा आहे, आणि तो दमदार आहे. पत्रकार लॉरेन्स राइट यांनी नव्वदच्या दशकात या अभ्यासाचा छडा लावला होता. ते इथे बोलतात. भाऊ भेटल्यावर पालक संस्थेत जाब विचारायला गेले, तो प्रसंग विसरता येत नाही. बैठक संपते, एक वडील विसरलेली छत्री घ्यायला परत वर जातात, तर आत मंडळी शॅम्पेन उघडत बसलेली. संकट टळलं म्हणून.

इथेही चित्रपट एक धागा सोडतो. संस्थेच्या सल्लागार, मनोविकारतज्ज्ञ व्हायोला बर्नार्ड यांचं मत असं होतं, की जुळ्यांना वेगळं वाढवलं तर दोघांना आईचं पुरेसं लक्ष मिळतं, आपली स्वतंत्र ओळख घडवता येते. २०१९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात लिऑन हॉफमन आणि लोइस ओपनहाइम यांनी न्यूबाउअरची बाजू मांडली. वेगळं करण्याचं धोरण संस्थेचं होतं, अभ्यास नंतर त्यावर बसवला गेला, असं त्यांचं म्हणणं. न्यूबाउअर यातून सुटतात असं मला वाटत नाही. मुलं वेगळी झालेली माहीत असताना वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जायचं, एका भावाच्या घरून निघून दुसऱ्याच्या घरी चहा घ्यायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हा गुन्हा पहिल्यापेक्षा लहान नाही. पण चित्रपटाने हा बचाव समोर ठेवून खोडायला हवा होता. दुष्ट शास्त्रज्ञाची गोष्ट सोपी पडते. चांगल्या हेतूची, त्या काळच्या सिद्धांतावर भरवसा असलेली, शिकलेली माणसं हे करू शकली, ही गोष्ट जास्त भीतिदायक आहे. न्यूबाउअर स्वतः नाझींपासून पळालेले ऑस्ट्रियन ज्यू होते.

अभ्यासाचे पूर्ण निष्कर्ष कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. कागद येल विद्यापीठात २०६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कुलूपबंद आहेत. चित्रपटाच्या रेट्याने भावांना दहा हजारांवर पानं मिळाली, ती जागोजाग काळी केलेली. न्यूबाउअरच्या एका जुन्या सहायिकेला कॅमेरा भेटतो. तिचा सूर असा, की वाढवण्यापेक्षा आनुवंशिकतेचंच पारडं इतकं जड निघालं, की लोकांना ते रुचणार नाही. ती हे सहज, हसत सांगते. पुरावा कुणी पाहिलेला नाही. तरी ते वाक्य प्रेक्षकाच्या मनात बसतं.

बापाकडे वळलेला कॅमेरा

आणि मग चित्रपट कूस बदलतो. तिघं इतके सारखे होते, तर एडीच का गेला? उत्तर हवं असतं. चित्रपट ते घरात शोधतो. डेव्हिडचे बुबाला मायाळू, बॉबीचे डॉक्टर वडील कामात बुडालेले पण भले, एडीचे वडील कडक शिस्तीचे, मुलाशी सूर न जुळलेले. एकामागून एक माणसं हेच सांगतात, संकलन ते ओळीने लावतं. मग वृद्ध गॅलंड पडद्यावर येतात. मुलाला कसं जगावं हे शिकवायला आपण कुठे कमी पडलो का, असं काहीसं ते चाचपडत बोलतात. अंधारलेली खोली, म्हाताऱ्याचा चेहरा, लांबलेली शांतता. यानंतर संगोपन सगळ्यावर मात करू शकतं, या सुरावर चित्रपट संपत जातो.

इथे मला चित्रपटाचा राग येतो. पहिल्या भागात तीन सिगारेटी दाखवून जनुकं सिद्ध केली, दुसऱ्या भागात तीन बाप दाखवून संगोपन सिद्ध केलं. पद्धत तीच: आधी उत्तर, मग त्याला शोभेल अशी तीन चित्रं. कडक शिस्तीच्या बापांची लाखो मुलं धडपणे म्हातारी होतात, मायाळू घरांतही माणसं आयुष्य संपवतात. तिन्ही भावांना तरुणपणी मानसिक त्रास झालेला होता, हे चित्रपटच सांगतो. जन्मदात्रीबद्दलचं प्रकरण मात्र तो भराभर उरकतो. रेस्तराँतलं भांडण, अचानक आलेली आणि ओसरलेली प्रसिद्धी, एकदा तुटून जुळलेलं आणि पुन्हा तुटलेलं नातं: यातलं काय किती, हे सांगणारा माणूस जगात नाही. सांगण्याचा अधिकार ज्याला थोडाफार होता, तो बोलायला उरलेला नाही.

न्यूबाउअरवर आरोप काय होता? त्यांनी माणसांना सिद्धांताच्या पुराव्याचं रूप दिलं. शेवटच्या वीस मिनिटांत चित्रपट एका बापाचं तेच करतो.

एक वाण, दोन मनं

संगोपन की जनुकं या दुहीत एक तिसरी गोष्ट नेहमी निसटते. जुळ्यांच्याच अभ्यासांतून ती निघाली आहे. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ साली प्रश्न विचारला: एकाच घरातली भावंडं इतकी वेगळी का असतात? हिशेब असा निघत होता, की व्यक्तिमत्त्वाच्या फरकांत जनुकांचा वाटा वजा केला, तर उरतो त्यातला फारच थोडा भाग 'घर' म्हणून सामायिक असलेल्या गोष्टींचा असतो. उरलेला मोठा भाग प्रत्येकाचा वेगळा. आजार, मित्र, शिक्षक, वर्गातला बाक, गर्भातली जागा, निव्वळ योग. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी यावरच १९९८ साली 'द नर्चर असम्प्शन' लिहून आईबापांच्या प्रभावाच्या कल्पनेला धक्का दिला. समवयस्कांच्या टोळीला त्यांनी जे सर्वस्व दिलं ते सगळ्यांना पटलं नाही, पण त्यांचा प्रश्न उरलाच.

इराणच्या लादन आणि लाले बिजानी आठवतात? डोक्याने जोडलेल्या जुळ्या बहिणी. जनुकं तीच, घर तेच, खोली तीच, २९ वर्षांतला एकही क्षण वेगळा नाही. दोघी मिळून कायदा शिकल्या, कारण वेगवेगळं शिकणं शक्यच नव्हतं. लादनला वकिली करायची होती, लालेला पत्रकार व्हायचं होतं. वेगळं आयुष्य मिळावं म्हणून त्यांनी धोका माहीत असूनही शस्त्रक्रिया पत्करली आणि जुलै २००३ मध्ये सिंगापूरला त्यात दोघी गेल्या. वाण एक, दावण एक, आणि गुण दोन. २०१३ साली 'सायन्स'मध्ये आलेला एक प्रयोग हेच उंदरांत दाखवतो: जनुकीयदृष्ट्या एकसारखे ४० उंदीर एकाच मोठ्या पिंजऱ्यात तीन महिने ठेवले, तर काही भटके झाले, काही घरकोंबडे. सुरुवातीचे बारीक फरक दिवसागणिक वाढत गेले.

तिळ्यांनी जनुकांचा डंका पिटायचा आणि बिजानी बहिणींनी तो थांबवायचा, असं मला म्हणायचं नाही. दोन बहिणी म्हणजेही फक्त दोनच. पण तिळ्यांची गोष्ट ज्यांना पुरावा वाटते, त्यांनी ही गोष्ट शेजारी ठेवून पाहावी.

दोष कुणाच्या पदरी

'हा वाद शास्त्रज्ञांचा, आपल्याला काय त्याचं' असं म्हणता येत नाही, कारण उत्तराला लगेच कायदा फुटतो. रक्तच खरं, या उत्तरातून ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो देशभर पसरला. जमातीत जन्म हाच गुन्हा. हजेरी, परवाने, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आतली वसाहत. १९५२ साली कायदा गेला, पोलिसी नजर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) ज्यांनी वाचलं, त्यांना वेगळं सांगायला नको. शिक्षण आणि काम नाकारायचं, आणि मग चोरीला रक्तातला गुण म्हणायचं: माळावर पेरून बियाण्याला नावं ठेवण्याचा याहून धडधडीत नमुना मिळणार नाही.

ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी 'आवारा' (१९५१) लिहिला, तो याच मताविरुद्ध. चोराचा मुलगा चोरच होणार म्हणणाऱ्या न्यायाधीशाचा स्वतःचा मुलगा वस्तीत वाढून चोर होतो. त्या काळात ते म्हणणं ठासून सांगणं गरजेचं होतं.

पण उलट उत्तरही निर्दोष नाही. सगळं संगोपनच ठरवतं, यातून विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्न मुलांच्या आयांना 'थंड आई' ठरवण्यात आलं. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ते मत घरोघर नेलं. मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी असते, हे मान्य होईपर्यंत आयांची एक पिढी अपराधी मनाने जगली. मराठीत यासाठी वेगळा सिद्धांत लागत नाही, 'संस्कार' हा एक शब्द पुरतो. मुलगा बिघडला, मुलगी अबोल झाली, कुणी नैराश्यात गेलं, की 'घरचे संस्कार' आणि रोख बहुधा आईवर. तेच मूल पुढे आलं, तर 'आमच्या घराण्याचं रक्तच तसं'. यशाला वाण आणि अपयशाला दावण, असा आपला सोयीचा हिशेब.

जनुकांचं नाव घेतलं की माणूस सुटत नाही आणि संगोपनाचं घेतलं की आईबाप सुटत नाहीत. दोन्ही उत्तरं जोवर एका माणसाच्या एका आयुष्याला लावायची, तोवर ती स्पष्टीकरणं नसतात, निकाल असतात. शंभर भाकऱ्यांचं शास्त्र खरं आहे आणि उपयोगीही: मुलांना अन्न, शाळा, मारझोडीपासून संरक्षण का द्यायचं, हे ते सांगतं. त्यासाठी एकेका बापाला खुर्चीत बसवून कॅमेऱ्यासमोर कबुलीजबाब घ्यावा लागत नाही.

मग चित्रपटाने काही सिद्ध केलं का? केलं, पण त्यावर तो जोर देत नाही. सहा महिन्यांची ती तीन बाळं आपापल्या नव्या घरी पाळण्याच्या कठड्यावर डोकं आपटून घेत, असं घरचे लोक सांगतात. कुणाला कारण कळत नव्हतं. जी माणसं टिपणवह्या घेऊन घरात येत होती, त्यांना माहीत होतं. जनुकं आणि परिसर यांतला वाटा शोधायला निघालेल्या त्या प्रयोगात सर्वांत मोठा परिसर प्रयोगाने स्वतःच तयार केला होता: भावांपासून तोडणं. तो तिन्ही घरांत सारखाच होता, म्हणून तुलनेत कधी दिसलाच नसता. येलमधली कुलपं उघडतील तेव्हा कागदांत बुद्ध्यंक असतील, चित्रफिती असतील, डोकं आपटण्याच्या नोंदीही कदाचित असतील. एडी का गेला, हे त्यात नसेल. ते त्याच्या वडिलांच्या चेहऱ्यावरही नव्हतं.